कोळीवाड्यामागचा पेट्रोलचा नळ

नोकरीत काय केलंत असं कोणी विचारलं, तर मी सांगतो, "चाललो." ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा थट्टा करतोय. पण धरमतरच्या खाडीवरच्या तेलाच्या डेपोत मी होतो तेवढी वर्षं माझं मुख्य काम एका लोखंडी नळाच्या बाजूने चालण्याचंच होतं. नळ धक्क्यावरून निघे, खारजमिनीच्या बांधावरून जाई, कोळीवाड्याच्या मागच्या अंगाने जमिनीखाली शिरे आणि पलीकडच्या टेकाडावर, जिथे मोठ्या टाक्या होत्या, तिथे वर येई. मी त्या लाइनचा मुकादम. कंपनीचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. तिथली माणसं अजून नांदती आहेत, आणि मला कोणाला बोल लावायचा नाही.

काळ मिठाच्या सत्याग्रहाच्या थोडा अलीकडचा-पलीकडचा. अलिबाग-पेणच्या बाजूला भाड्याच्या मोटारी नुकत्या धावायला लागल्या होत्या, त्यांना पेट्रोल लागे. घासलेट तर घरोघरी लागे. आधी सगळं डब्यांतून यायचं. गलबतात डबे रचायचे, उतरवायचे, डोक्यावरून वाहायचे. डबे फुटायचे, गळायचे, हमालांच्या खांद्यांची सालं निघायची. म्हणून कंपनीने पोटात टाक्या बसवलेला एक लोखंडी पडाव आणला. लाँच तो मुंबईहून ओढून आणी. धक्क्याला बांधला की पंपाने तेल नळातून थेट टेकाडावर. माणसाचा हातसुद्धा लागायला नको.

मी मूळचा पालीकडचा, भातशेतीच्या घरातला. मुंबईच्या गोदीत फिटरच्या हाताखाली शिकलो आणि इथे आलो. पहिल्यांदा माघी जत्रेला घरी गेलो तेव्हा आईने विचारलं, "नळावर काम म्हणजे गावाला पाणी सोडतोस का रे?" मी सांगितलं, पाणी नव्हे, तेल. ती म्हणाली, "मग जपून हो. तेल सांडलं की पुसून निघत नाही." एवढ्या वर्षांत साहेबलोकांनी मला सुरक्षिततेचे पुष्कळ धडे दिले, पण याहून थोडक्यात कोणी दिला नाही.

वाचकांना या कामाची कल्पना नसेल म्हणून सांगतो. घासलेट आणि पेट्रोल हे भाऊभाऊ खरे, पण स्वभाव वेगळे. घासलेट सुस्त. थंड घासलेटात जळती काडी पडली तर बहुतेक वेळा काडीच विझते. पेट्रोलचं तसं नाही. ते सांडलं की लगेच उडून जातं, आणि जे उडतं ते वर जात नाही, जमिनीलगत पसरतं. डोळ्यांना दिसत नाही. सरपटत सरपटत जातं आणि विस्तव शोधतं. विस्तव सापडला की जिथून आलं तिथपर्यंत आग परत धावत येते. म्हणून पेट्रोल सांडलेल्या जागी आग नाही, एवढं पाहून भागत नाही. आसपास कुठेच नाही ना, हे पाहावं लागतं.

एकाच नळातून दोन्ही तेलं जायची. मिसळायची नाहीत का, असं सगळे विचारत. दोहोंच्या मध्ये आम्ही पाणी सोडायचो. आधी घासलेट, मागून पाणी, त्यामागून पेट्रोल. टेकाडावरचा माणूस तोटीशी बसून नमुने घेत राही आणि पाणी आलं की टाकी बदली. दुसरा प्रश्न नळाच्या वळणाचा. बांधावर एके ठिकाणी सरळ चाललेला नळ उगीचच बाहेर वळसा घेऊन परत येई. गावातली माणसं म्हणायची, "साहेब दारू पिऊन आखणी करीत व्हता काय?" पण उन्हाने लोखंड वाढतं. वाढायला जागा दिली नाही तर ते सांध्यातून वाट काढतं. तो वळसा म्हणजे नळाला हातपाय पसरायला ठेवलेली जागा.

खारी हवेत लोखंड कसं खंगतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. आम्ही नळाला डांबर फासायचो, वर तागाचे पट्टे गुंडाळायचो, परत डांबर. तरी कुठूनतरी गंज आत शिरायचाच. मग उरायचं चालणं. सांध्यासांध्याशी वाकायचं, हात फिरवायचा, वास घ्यायचा. बांधावरचं गवत एखाद्या जागी पिवळं पडलंय का, खेकड्यांची बिळं ओस पडलीत का, हे बघायचं. तपकीर-तंबाखू मी कधी जवळ केली नाही. नाक बिघडलं की लाइनमुकादम संपला.

पेट्रोलचा पडाव यायचा त्या दिवशी आम्ही धक्क्यावर आणि कोळीवाड्याच्या नाक्यावर लाल निशाण लावायचो. निशाण वर गेलं की लाइनीजवळच्या घरांनी चुली विझवायच्या, विडी ओढायची नाही, दिवा लावायचा नाही. निशाण उतरेपर्यंत हा नेम. उधाणाच्या भरतीशिवाय पडाव खाडीत वरपर्यंत येत नसे, आणि आमच्याकडे अमावस्या-पुनवेची भरती भर दुपारची. म्हणजे नेमकी रांधायची वेळ. बायका पहाटेच भात-कालवण उरकून ठेवत आणि मला शिव्या देत.

एकदा तर निशाण वर असताना बांधावरून एक वरात आली. दिवसा, पण हौसेने मशाली पेटवून. मी आडवा झालो. नवरदेवाचा मामा तावातावाने म्हणाला, "मशाल विझवायची? अपशकुन न्हाय व्हायचा?" मी नळावर हात ठेवून म्हटलं, "मामा, यातून आत्ता जे चाललंय ना, त्याला तुमच्या नवरीपेक्षा मशालीची ओढ जास्त." मामा हसला आणि मशाली पाण्यात बुडल्या. पण सगळी भांडणं अशी हसून मिटत नसत. विशेषतः हिराबायशी.

हिराबाय कोळीवाड्यातली सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिच्या हातून कापलेली. तिचं झावळ्यांनी शाकारलेलं घर लाइनीला सगळ्यांत जवळ. परसात गोड्या पाण्याची विहीर, विहिरीच्या पलीकडे जमिनीखालून गेलेला नळ, आणि त्यामागे खारफुटीची तिवरं. नळ घातला तेव्हा मी नोकरीत नव्हतो, पण तिने खणणाऱ्यांना खड्ड्यात बसून अडवलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माझ्याशी तिची एकच तक्रार कायम. "मुकादम, तुजा नल माज्या घरामागं आला, का माजं घर तुज्या नलापुढं आलं? मंग चूल मीच का विजवायची?" पण चूल मात्र ती दर वेळी विझवायची.

म्हणूनच पौषातल्या त्या अमावस्येला, निशाण वर गेल्यावरही तिच्या घरातून धूर येताना दिसला, तेव्हा मी चमकलो. पडाव धक्क्याला लागला होता. भरती चढत होती. मी धावत तिच्या अंगणात गेलो आणि हाक मारणार, तोच आतून कण्हण्याचा आवाज आला.

हिराबाय दारात आली. पदर खोचलेला, डोळे तांबारलेले.

"निशान दिसलं मना," ती म्हणाली. "पन चूल न्हाय विजायची आज. चांगुना अडलीय."

चांगुणा तिची सून. पहिलटकरीण. तिचा नवरा पोशा होडी घेऊन काशीदच्या बाजूला मासळीला गेलेला, आज-उद्या यायचा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कालपासनं. पोर आडवं व्हतं, आता कुठं फिरलंय. पोरीचं अंग गार पडतंय. मना ऊन पानी पायजे, शेक पायजे. तुजा पडाव थांबव."

"हिराबाय, पडाव आलाय. नळात पेट्रोल सोडायची वेळ झालीय."

"मंग पेट्रोलला सांग थांबाया. पोर थांबत न्हाय."

दार लागलं. मी धक्क्याकडे पळालो.

डेपोचे साहेब होते रुस्तमजी. पारशी, उंच, कडक इस्त्रीचे. नियम म्हणजे नियम, अशी त्यांची ख्याती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि ते खाडीकडे बघत उभे राहिले.

"अरे शिवराम, तू मला काय करायला सांगते? हा पडाव भरलेला आहे. पाणी उतरलं नि हा भरलेला चिखलात बसला तर आडवा पडेल. पत्रा फाटला तर सगळा पेट्रोल खाडीत. मग तुझा कोळीवाडाच नाही राहणार."

ते खरं होतं. एवढं वजन घेऊन पडाव चिखलात टेकवणं म्हणजे त्याची पाठ मोडणं. आणि पंप चालू करून घरात चूल जळू देणं त्याहून वाईट. दोन्हीकडे खड्डा. रुस्तमजींनी विचारलं, "बाईला काय पाहिजे? डॉक्टर?"

"डॉक्टर अलिबागेहून यायचा तर संध्याकाळ होईल, साहेब. तिला ऊन पाणी पाहिजे आणि शेक. बाकी हिराबायला सगळं येतं."

आमचं बोलणं इब्राहिमचाचा ऐकत होते. ते बॉयलरवर असत. पंप वाफेचा होता, आणि त्याचा बॉयलर मुद्दाम धक्क्यापासून आणि लाइनीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चारी बाजूंनी भिंत घालून ठेवलेला. पेट्रोलच्या दिवशी साऱ्या परिसरात तेवढीच एक आग असायची, आणि तिच्यावरून चाचांची नजर हलायची नाही.

"साब," ते म्हणाले, "पानी उकलायला चूल कशाला पायजे? हंडे आना. विहिरीचं चांगलं पानी भरून आना. मी वाफेची नली आत सोडतो. दुवा म्हनायच्या आत पानी उकलंल. आन शेकाला रेती. बॉयलरच्या माथ्यावर पोती ठेवतो, शेगडीपरास ऊन व्हतील."

रुस्तमजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "जा," ते म्हणाले. "पहिला हंडा तिच्या घरात पोचल्याशिवाय आणि चूल विझल्याशिवाय मी पंप चालू करणार नाही. पण शिवराम, भरती कुणासाठी थांबत नाही."

मी कोळीवाड्यात जाऊन हाक दिली. काशी नावाची शेजारीण होती, मासळीच्या टोपल्या घेऊन पेणच्या बाजारात जाणारी, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जाईल. तिने घराघरातून बायका काढल्या. हिराबायच्याच विहिरीचं पाणी हंड्यांत भरलं आणि सगळ्या बॉयलरकडे निघाल्या. चाचांनी पहिल्या हंड्यात नळी सोडली तेव्हा असा आवाज झाला की दोघीतिघी मागे सरल्या. पण बघता बघता पाणी खदखदायला लागलं. काशीने फडक्याची चुंबळ जाड केली, हंडा उचलला आणि चालू लागली. मागून दुसरी, तिसरी. एक जण पोटाशी ऊन रेतीचं पोतं धरून, "मायो, पोर मनाच जालं वाटतंय!" असं म्हणत हसत चाललेली.

हिराबायने दारात हंडा घेतला, बोट बुडवून पाहिलं, आणि आत गेली. चुलीवर पाणी ओतल्याचा आवाज मी ओसरीवरून ऐकला. धूर आला आणि थांबला. बांधावर माझा गडी उभा होता, त्याला मी हातातल्या लहान निशाणाने खूण केली. धक्क्यावर पंप सुरू झाला.

नळातून तेल जाताना लाइनीला एक बारीक थरथर असते. तिच्यावर हात ठेवला की कळतं, सगळं सुरळीत आहे. मी बांधावरून एकदा वर टेकाडापर्यंत जाऊन आलो. सांधे कोरडे होते. बायकांच्या खेपा चालूच होत्या. पुढल्या अंगणात गर्दी नको म्हणून त्या आता परसातून, विहिरीला वळसा घालून जात होत्या. तशात काशी रिकामा हंडा घेऊन परत येताना थबकली. तिने एक पाय उचलला, परत टेकला.

"मुकादम," तिने हाक मारली, "हितं भुई गार लागतेय. बर्फावानी."

भर दुपारची वेळ. ऊन रणरणत नसलं तरी जमीन तापलेली. मी धावलो. वाकून हात लावला. माती ओली नव्हती, पण थंड होती. पेट्रोल उडून जाताना जिथून उडतं ती जागा गार करतं, हे मला ठाऊक होतं. हातावर ओतून पाहिलेलं होतं. आणि मग वास आला, अगदी जमिनीलगत. जमिनीखालचा सांधा सुटला होता.

मी निशाण डोक्यावर गरगर फिरवलं. बांधावरच्या गड्याने पुढे खूण दिली. पंप थांबला. पण थांबला म्हणजे संपलं नाही. टेकाडापासून खाली सगळा नळ भरलेला, आणि ते वजन या सांध्यावर. एक गडी टाकीची चावी बंद करायला वर पळवला. धक्क्यावर निरोप पाठवला, नळाचं तोंड परत पडावात सोडा, जेवढं उताराने मागे येईल तेवढं येऊ द्या. खणायला लागलेल्या एकाच्या हातातलं फावडं मी हिसकून घेतलं. लोखंड दगडावर आपटलं तर एक ठिणगी पुरे. हातांनी ओला चिखल आणून त्या जागेवर थापायला सांगितला आणि बायकांना म्हटलं, हंडे तिथेच ठेवा, लांब व्हा, खाडीच्या तोंडाकडे जा.

वारा समोरून होता, घराच्या दर्शनी बाजूने परसाकडे आणि तिवरांकडे. देवाची कृपा म्हणायची तर ती एवढी होती. पण वारा फिरतो. आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं की चूल विझली, पण बाळंतिणीची खोली काळोखी असते.

मी कुडाला तोंड लावून ओरडलो, "हिराबाय, आत दिवा आहे का?"

"हाय. मंग काय आंधारात बघू?"

"विझव. फुंकू नको, ओल्या बोटांनी चिमटीत धर. नळ गळतोय. तुझ्या परसात पेट्रोल आलंय."

आत चांगुणा कळ घेत होती तिचा आवाज तेवढा. मग हिराबाय बोलली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात मला भीती ऐकू आली.

"डोकं दिसतंय रं, मुकादम. आता पोरीला हालवता येत न्हाय. आनि नालेचा फेरा असला मानेला तर? मना दिसलं पायजे."

"दिसेल. तू दिवा मालव. मी उजेड देतो."

मला स्वतःलाच कळत नव्हतं मी काय बोलतोय. पुरुषाने त्या खोलीत जायचं नाही, हे तर होतंच, पण जाऊन तरी काय केलं असतं? मी वर पाहिलं. झावळ्यांचं छप्पर.

लांब जायला सांगितलेली काशी गेलीच नव्हती. माझ्या मागेच उभी होती. तिने माझी नजर पाहिली आणि कासोटा आवळला. "माज्या मापाचं काम हाय," ती म्हणाली आणि दर्शनी बाजूच्या छपराच्या पाख्यावर चढली. मागोमाग आणखी दोघी. काथ्याच्या गाठी दातांनी, नखांनी सोडवल्या, कोयता घ्यायचा नाही म्हणून. झावळ्या एकेक करून खाली पडू लागल्या आणि मी खालून ओढून दूर फेकत होतो. वरून काशी आत बघून बोलत होती, "चांगुने, बघ गं, सूर्य आला तुज्या घरात. आता लाजू नको."

दिवा मालवल्याचं हिराबायने सांगितलं तेव्हा माझ्या छातीवरचा अर्धा दगड उतरला. बाकीचा तसाच होता. परसात माझे गडी चिखल थापत होते, टेकाडावरून चावी बंद झाल्याचं निशाण हलत होतं, रुस्तमजी बांधावरून जवळजवळ धावत येत होते, इस्त्रीच्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल. मी त्यांना म्हटलं, "साहेब, तुम्ही इथे थांबू नका." ते म्हणाले, "तू कुठे चालला?" मी म्हटलं, मी कुठेच नाही. "तर मग मी पण कुठेच नाही," असं म्हणून ते कुडाला पाठ लावून, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. जणू ते तिथे असले तर वारा फिरायला धजणार नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. हिराबायचा आवाज येत होता, हळू, एका सुरात. "आता न्हाय. आता न्हाय. थांब. आता. दे जोर, बाय माजी." मग, "फेरा हाय. एक. सोडवला." मग काहीच नाही. ती वेळ सगळ्यांत वाईट. काशी वरून आत बघत होती आणि तिच्या तोंडावरून मला काही वाचता येईना.

मग थापट मारल्याचा आवाज, आणि रडणं.

रुस्तमजींनी रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं. काशी वरूनच ओरडली, "पोरगी!"

पुढचं काम आमचं होतं. नळ रिकामा करून त्यात पाणी भरलं. पडाव अर्धा भरलेला असा चिखलात टेकला, तिरका झाला, पण पत्रा धरून राहिला. दुसऱ्या भरतीला तो सरळ झाला. परसातली माती काढून दूर नेऊन पसरली. सांध्याचे बोल्ट हातात आले ते खाऱ्या मातीने पेन्सिलीसारखे बारीक केलेले. त्याच्या आदल्याच पाहणीत तो सांधा उघडून पाहायला हवा होता का, यावर कचेरीत पुढे बराच खल झाला. मुंबईहून मोठे साहेब आले. पंप उशिरा का सुरू केला, कंपनीची वाफ गावाच्या हंड्यांत का सोडली, असंही विचारलं. रुस्तमजी एवढंच म्हणाले, "माझ्या हुकमावरून." इब्राहिमचाचांचं किंवा माझं नाव त्यांनी मध्ये येऊ दिलं नाही. आणि पुढच्या पावसाळ्याआधी लाइन कोळीवाड्यापासून उचलून तिवरांच्या पलीकडे, दगडी पायावर, उघड्यावर नेली. त्यासाठी ते मुंबईच्या किती चकरा मारून आले, ते मला पाहून ठाऊक आहे.

विहीर मात्र गेली. पेट्रोल झिरपलं होतं. आम्ही उपसली, परत उपसली, चुना टाकला, पाऊस जाऊ दिला. पाणी स्वच्छ दिसायचं आणि तोंडाजवळ नेलं की तो वास. कोळीवाड्याच्या त्या टोकाला गोड पाण्याची ती एकच विहीर होती. अखेर हिराबायने स्वतः तिच्यात माती लोटायला लावली. मी तोंड लपवत होतो तर मलाच बोलावून म्हणाली, "पानी गेलं, पोर रायली. उलटं जालं असतं तर मी तुला खाल्ला असता." पण पुढे ती मुलगी मोठी झाली, आणि डोक्यावर हंडा घेऊन लांबच्या विहिरीवरून पाणी आणताना मला बांधावर भेटे. हसून "मुकादममामा" म्हणे. मी बाजूला होऊन तिला वाट द्यायचो. तिच्या घरामागचं पाणी आमच्या नळाने नासवलं होतं, आणि ते परत आणून देणं माझ्या हातात नव्हतं. नोकरीत पुष्कळ सांधे मी जोडले. तो एक तसाच राहिला.

त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली.

माती अजून वास मारत होती, म्हणून निशाण मी उतरवू दिलं नव्हतं. सूर्य कलला तरी कोळीवाड्यात एकही चूल पेटली नव्हती. ओहोटी लागलेली. खाडीचं पात्र म्हणजे नुसता चिखल. सगळी माणसं हिराबायच्या घरापुढे लांबवर बसलेली, दिवसभराच्या श्रमाने गप्प झालेली. मी खाडीच्या काठाशी हात-पाय धूत होतो, तेव्हा मला पोशा दिसला. होडी लांब खाडीच्या तोंडाशी नांगरून, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तो चिखलातून येत होता. येता येता थांबला.

त्याने काय पाहिलं ते मला तो थांबला तेव्हा कळलं. दिवेलागणीची वेळ, एकाही घरातून धूर नाही. घरापुढे माणसं बसलेली. आणि त्याच्या घराचं छप्पर उघडं. निशाणाच्या दिवशी चुली बंद असतात, हे त्याला माहीत होतं, पण सांजेपर्यंत कधी राहिल्या नव्हत्या. आमच्याकडे ज्या घरात कोणी मरतं, त्या घराची चूल पेटत नाही. इथे तर साऱ्या वाड्याची पेटली नव्हती.

मी चिखलात उतरून त्याच्याकडे गेलो. तो जागचा हलला नाही. वीस-बावीस वर्षांचा, दांडग्या छातीचा माणूस. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मुकादम," तो म्हणाला, "दोगं गेली काय? का पोर रायलं?"

"कोणी गेलं नाही, पोशा," मी म्हटलं. "चांगुणा बरी आहे. मुलगी झाली तुला. नळ फुटला म्हणून चुली बंद आहेत, बाकी काही नाही."

त्याचा विश्वास बसला नव्हता. माणसं वाईट बातमी सांगताना कधीकधी आधी खोटं सांगतात, हे त्यालाही माहीत असणार. तेवढ्यात त्या उघड्या छपरातून मूल रडलं. ओहोटीला आवाज लांबवर जातो. त्या साऱ्या चिखलावरून तो आमच्यापर्यंत स्वच्छ आला.

पोशाने पाटी खाली ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटली. मग तो गुडघ्याएवढ्या चिखलातून, पडत, उठत, घराकडे धावत सुटला. मासळी तिथेच सांडली होती. मी ती गोळा केली, पाटी डोक्यावर घेतली आणि त्याच्या मागून निघालो.